साखळीचं एक टोक तापवलं, तरी मधे उतारच पडेना. कोड चुकलाय की फूरिए?

साखळीवाला (शुक्रवार, रात्री ११:१०)

मंडळी, पंधरा दिवस एकाच जागी अडकलोय, म्हणून हा धागा.

पोटापाण्यासाठी कोड लिहितो. भौतिकशास्त्र बी.एस्सी.पर्यंत होतं, त्यातलं निम्मं विसरलो. परवा मुलीच्या पुस्तकात उष्णतावहनाचा धडा चाळला. सळईचं एक टोक गरम, दुसरं थंड, मधे तापमान सरळ रेषेत उतरत जातं आणि वाहणारी उष्णता त्या उताराच्या प्रमाणात असते. फूरिएचा नियम. म्हटलं, हा नियम वरून गृहीत धरण्यापेक्षा खालून बांधून बघू. अणूंना फक्त न्यूटनचे नियम द्यायचे आणि गंमत बघत बसायचं.

केलं ते असं. १०० गोळे एका रेषेत, शेजारच्या दोघांमध्ये स्प्रिंग, दोन्ही टोकं भिंतीला बांधलेली. डावीकडचा पहिला गोळा २ तापमानाच्या बाथला जोडला, उजवीकडचा शेवटचा १ तापमानाच्या. (एककं मनाचीच. बाथ म्हणजे त्या गोळ्याला थोडं घर्षण आणि सोबत वेडेवाकडे धक्के, धक्क्यांचा जोर तापमानाप्रमाणे.) मधले ९८ गोळे त्यांच्या नशिबावर सोडले. बराच वेळ चालू दिलं आणि प्रत्येक गोळ्याच्या वेगाच्या वर्गाची सरासरी घेतली, तेच त्याचं तापमान.

अपेक्षा: २ पासून १ पर्यंत उतरती रेषा.
मिळालं: पहिल्यापासून शेवटपर्यंत १.५. सपाट. इस्त्री केल्यासारखं.

बरं, २०० गोळे घेतले, ४०० घेतले. लांबी दुप्पट झाली की पलीकडे पोचणारी उष्णता निम्मी व्हायला हवी ना? माझ्याकडे ती जशीच्या तशी आहे. साखळी लांब झाल्याची तिला खबरच नाही.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट: गरम बाथला लागून असलेला पहिला गोळा सोडला, तर त्याच्या शेजारचा गोळा १.५ पेक्षा किंचित *थंड* येतो. आणि थंड टोकाजवळचा किंचित गरम. हे उघडउघड चुकलेलं दिसतंय, पण कुठे ते सापडत नाही.

---

खोडरबर (शुक्रवार, रात्री ११:३४)

टाइमस्टेप (हिशेबाच्या एका पावलाचा वेळ) मोठा असेल. दहातल्या नऊ वेळा तोच गुन्हेगार निघतो. आधी बाथ काढून टाका आणि एकूण ऊर्जा टिकते का ते बघा.

---

साखळीवाला (शुक्रवार, रात्री ११:५१)

बघितलं होतं. व्हर्ले पद्धत (पावलापावलाने गती काढायची, ऊर्जा नीट टिकवणारी रीत) वापरतोय. बाथ काढून १० लाख पावलं चालवलं, ऊर्जा पाचव्या आकड्यातही हलली नाही. टाइमस्टेप निम्मा केला तरी आलेख तोच.

---

अवगाढ (शनिवार, सकाळी ७:०५)

कोड बरोबर आहे हो. झोपा आता.

तुम्हाला मिळालेलं उत्तर १९६७ साली रीडर, लेबोविट्झ आणि लीब या तिघांनी कागदावर काटेकोर सोडवून दाखवलं. अशा साखळीत मधलं तापमान दोन्ही बाथच्या सरासरीइतकं, वाहणारी उष्णता लांबीवर अजिबात अवलंबून नाही. आणि ज्याची तुम्हाला चीड आली ते टोकाजवळचं उलटं वळण? तेही त्यांच्या उत्तरात आहे. चुकलेल्या कोडमधून ते इतकं नेमकं येणं अवघड.

कारण असं. तुमच्या स्प्रिंगा हूकच्या नियमाने चालतात, ताण दुप्पट तर बल दुप्पट. अशा साखळीची कुठलीही हालचाल ठरावीक लाटांमध्ये पूर्णपणे सुटी करता येते. इंग्रजी पुस्तकात त्यांना नॉर्मल मोड म्हणतात, आपण नुसतं मोड म्हणू. प्रत्येक मोड आपल्या नादात डोलतो, दुसऱ्या मोडशी त्याचं देणंघेणं नाही. दोन लाटा समोरासमोर आल्या तर एकमेकींतून आरपार जातात, ओळखही दाखवत नाहीत.

आता तुमची उष्णता म्हणजे या लाटांवर बसलेली ऊर्जा. डावीकडून निघाली की थेट उजवीकडे. वाटेत तिला अडवणारं, मागे ढकलणारं कोणीच नाही, मग लांबीचा फरक कशाला पडेल? आणि १.५ का, तर साखळी आरशात पाहिल्यासारखी दोन्हीकडून सारखी असल्यामुळे प्रत्येक मोड दोन्ही टोकांना सारखाच हलतो. म्हणजे दोन्ही बाथकडून सारखीच ओढ. तो सरासरीवर स्थिरावतो.

फूरिए चुकला नाही. तुमच्या साखळीत फूरिएला लागणारी गोष्टच नाही.

---

पाणबुडी (शनिवार, सकाळी ९:४०)

वाचतेय. बाळबोध शंका: सपाट १.५ म्हणजे ही साखळी समतोलाला पोचली असंच ना? तापमान सगळीकडे सारखं आहे!

---

अवगाढ (शनिवार, सकाळी १०:१५)

शंका बाळबोध नाही, इथेच बरेच जण फसतात. समतोल आणि स्थिर अवस्था या दोन गोष्टी आहेत. इथे आकडे काळानुसार बदलत नाहीत म्हणून अवस्था स्थिर आहे, पण डावीकडून उजवीकडे उष्णता अखंड वाहतेय. समतोलात निव्वळ प्रवाह शून्य असतो. मधल्या एखाद्या गोळ्यापाशी कान लावलात तर उजवीकडे जाणाऱ्या लाटा दणकट आणि डावीकडे जाणाऱ्या त्यामानाने मिळमिळीत सापडतील. त्या गोळ्याची सरासरी मात्र १.५. थर्मामीटर नेमकं हेच लपवतो.

दोन्ही बाथ १.५ ला ठेवले तर साखळी खऱ्या समतोलाला येईल. पण ते श्रेय बाथचं. बाथ पूर्ण काढून घेतले तर ही साखळी स्वतःहून कधीच समतोलाला पोचणार नाही. ज्या मोडला जेवढी ऊर्जा दिली, तेवढी त्याच्याकडे कायम.

---

रात्रपाळी (शनिवार, दुपारी १२:२०)

म्हणजे स्प्रिंगमध्ये थोडा वाकडेपणा घातला की झालं? बल ताणाच्या प्रमाणात नको, थोडं ताणाच्या घनाचंही पद टाकायचं. मग मोड एकमेकांशी बोलू लागतील, ऊर्जा वाटली जाईल, समतोल येईल.

---

अवगाढ (शनिवार, दुपारी १:०२)

हेच भौतिकशास्त्रज्ञ फर्मीला वाटलं होतं. :)

१९५३ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत मॅनिअॅक नावाचा संगणक होता. फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी त्यावर ३२ आणि ६४ गोळ्यांच्या साखळ्या घातल्या, स्प्रिंगांमध्ये थोडासा वाकडेपणा ठेवला. प्रोग्रॅम लिहिला मेरी त्सिंगू यांनी. सुरुवातीला सगळी ऊर्जा सर्वात लांब लाटेत, म्हणजे पहिल्या मोडमध्ये. अपेक्षा ही की हळूहळू ती सगळ्या मोडमध्ये पसरेल आणि समतोल कसा येतो ते डोळ्यांनी दिसेल.

ऊर्जा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मोडमध्ये गेली. पुढे न पसरता फिरली, आणि बऱ्याच वेळाने जवळजवळ सगळीच्या सगळी पहिल्या मोडमध्ये परत हजर! जेमतेम काही टक्क्यांची तूट. फर्मी नोव्हेंबर १९५४ मध्ये गेले, अहवाल मे १९५५ चा. त्यात त्सिंगूबाईंचे आभार तळटीपेत. कित्येक दशकं या कोड्याला तीनच आडनावं चिकटून होती, अलीकडे लोक चौथंही जोडू लागलेत. माझ्या मते फार उशिरा.

तेव्हा 'वाकडेपणा घातला की झालं' एवढं सोपं नाही. वाकडेपणा थोडा आणि ऊर्जा कमी असेल तर साखळी जवळपास शिस्तीतच वागते. ऊर्जा वाढवली की गोंधळ माजतो आणि मग पसरणं सुरू होतं.

---

खोडरबर (शनिवार, दुपारी १:३०)

टाइमस्टेपवाली प्रतिक्रिया मागे घेतो. वाचनखूण साठवली.

---

साखळीवाला (शनिवार, रात्री १०:४८)

अवगाढ, तुमचे पाय कुठे आहेत?

घनाचं पद घातलं, चांगलं भरभक्कम. आणि उतार पडला!!! २ कडून १ कडे रेषा उतरतेय. टोकांपाशी थोडी वाकडी आहे, पण उतार आहे.

आनंद दहा मिनिटं टिकला. मग लांबी दुप्पट करून प्रवाह मोजला. निम्मा व्हायला हवा होता, दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतोय. २०० वरून ४०० ला तेच, ४०० वरून ८०० लाही तेच. म्हणजे उष्णतावाहकता ही सामग्रीची ठरलेली संख्याच नाही, लांबीबरोबर वाढत चाललीय. ही काय भानगड?

---

रात्रपाळी (शनिवार, रात्री ११:१५)

माझी सूचना होती, माझ्या नावाने खडे फोडा.

---

त्रिज्या (रविवार, सकाळी ८:३०)

या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय, कारण याच विषयात काही वर्षं घालवलीत.

साखळीवाले, तुमचा आकडाही बरोबर आहे. लेप्री, लिव्ही आणि पोलिती यांनी १९९७ मध्ये हेच दाखवलं. अशा साखळीत वाहकता लांबीच्या एका ठरावीक घाताप्रमाणे वाढते. घातांक एक-तृतीयांश की थोडा जास्त यावर पुढे बराच काथ्याकूट झाला, तुमचा दोन-तृतीयांश उरण्याचा आकडा त्याच पट्ट्यात बसतो.

गुन्हेगार आहे संवेग. तुमचे गोळे फक्त *एकमेकांना* ढकलतात, त्यामुळे आतल्या आत एकूण संवेग कायम राहतो. आता खूप लांब लाट डोळ्यांसमोर आणा. तिच्यात शेकडो शेजारी जवळजवळ एकत्रच सरकतात, त्यांच्यामधली स्प्रिंग जेमतेम ताणली जाते. स्प्रिंग ताणलीच नाही तर तिचा वाकडेपणा या लाटेला कळणार कसा? आखूड लाटा आपापसात धडकून लवकर विस्कटतात. लांब लाटा मात्र बेफिकीर लांबवर जातात, आणि साखळी जितकी मोठी तितक्या अधिक लांब लाटा तिच्यात मावतात. उष्णता चोरवाटेने नेणारी टोळीच ती.

उपाय: प्रत्येक गोळ्याला त्याच्या *स्वतःच्या* जागेशीही बांधा. मूळ जागेपासून जितका दूर जाईल त्याच्या घनाच्या प्रमाणात परत ओढणारं बल. शेजाऱ्यांमधल्या स्प्रिंगा साध्या ठेवल्या तरी चालेल. एकूण संवेग आता टिकणार नाही आणि लांब लाटांनाही खुंटीला अडखळावं लागेल.

---

पाणबुडी (रविवार, सकाळी ११:०५)

खऱ्या सळईत अणूंना कोणी खुंटी मारलेली नसते ना? मग तांब्याच्या सळईला फूरिएचा नियम कसा लागू पडतो?

---

त्रिज्या (रविवार, दुपारी १२:१०)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांब्यात उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहतात. ते स्फटिकाच्या कंपनांवर आणि दोषांवर आपटतात, तीच त्यांची खुंटी. विद्युतरोधक स्फटिकात लाटाच वाहतात, पण तिथे तीन मिती आहेत. एका रेषेत लांब लाटांची जी मक्तेदारी असते ती तीन मितींत मोडते. शिवाय स्फटिकात लाटा धडकताना अणूंची जाळीच संवेगाचा वाटा गिळू शकते. हे पायर्ल्सने १९२९ मध्ये मांडलं.

हिरा बघा. कार्बनचे अणू हलके, बंध कमालीचे ताठ, म्हणून सर्वसाधारण तापमानाला अशा गिळणाऱ्या धडका कमी होतात. हिऱ्याची वाहकता साधारण २०००, तांब्याची ४००, स्टेनलेस स्टीलची १५ च्या आसपास (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन). म्हणजे उष्णता नेण्यात हिरा तांब्याला पाचपट भारी, आणि तेही इलेक्ट्रॉनची मदत न घेता. निसर्गातल्या कार्बनमध्ये जेमतेम १.१ टक्के कार्बन-१३ असतो. तेवढे वजनदार अणू काढून टाकले की हिऱ्याची वाहकता सुमारे निम्म्याने *वाढते*. शंभरात एक अणू थोडासा जड, त्याचा एवढा अडथळा!

---

शून्यप्रहर (रविवार, दुपारी ३:२५)

एक हिशेब माझ्याकडून. उष्णता पसरायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तांब्यात १० सेंटिमीटरला साधारण दीड मिनिट, १ मीटरला अडीच तास. त्याच मीटरभर सळईवर एका टोकाला टिचकी मारली, तर आवाज दुसऱ्या टोकाला एका मिलिसेकंदाच्याही आत पोचतो. अणू तेच, सळई तीच. आवाज सरळ जातो, उष्णता दर पावलाला रस्ता विसरते.

साखळीवाल्यांच्या पहिल्या साखळीत उष्णता आवाजाच्या वेगानेच पळत होती. त्या साखळीची सळई बनवता आली असती तर एक टोक तापवताच दुसऱ्या टोकाला चटका.

---

रात्रपाळी (रविवार, दुपारी ४:००)

+१. 'रस्ता विसरते' हे आवडलं. पण न्यूटनच्या नियमांत विसरणं कुठून आलं? सगळ्या गोळ्यांचे वेग एकदम उलटे केले तर उष्णता थंडाकडून गरमाकडे जायला हवी.

---

अवगाढ (रविवार, सायंकाळी ५:४०)

लोश्मिट या शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनला हेच विचारलं. बोल्ट्झमनचं १८७२ चं प्रमेय सांगत होतं की वायू समतोलाकडेच जातो. लोश्मिट म्हणाला, वेग उलटे करा, मग तोच वायू समतोलापासून दूर जाईल, आणि तेही न्यूटनला मंजूर आहे. खोच अशी की बोल्ट्झमनने टकरीपूर्वी रेणूंचे वेग एकमेकांशी असंबद्ध धरले होते. टकरीनंतर ते असंबद्ध राहत नाहीत. भूतकाळ आणि भविष्यकाळ यांतला भेद त्या गृहीतकातून गुपचूप आत आला होता.

१८७७ मध्ये बोल्ट्झमनने उत्तर दिलं ते मोजणीचं: समतोलाशी जुळणाऱ्या मांडण्या इतक्या प्रचंड संख्येने आहेत की बाकीच्यांचा पाड लागत नाही. १०० चेंडू दोन पेट्यांत आहेत असं धरा, दर सेकंदाला कुठलाही एक उचलून दुसऱ्या पेटीत टाका. सगळे चेंडू पुन्हा पहिल्या पेटीत यायला सरासरी २ चा १०० वा घात इतके सेकंद, म्हणजे १ वर ३० शून्यांहून जास्त. विश्वाचं वय सेकंदांत १८ आकडी आहे. परत येणं अशक्य नाही, पण वाट बघायला कोणी उरणार नाही.

---

साखळीवाला (सोमवार, रात्री १२:३५)

रात्रपाळी यांचा किडा डोक्यात शिरला, म्हणून करूनच पाहिलं. खुंटीवाली साखळी, १०० गोळे, बाथ काढलेले, डावा अर्धा भाग गरम, उजवा थंड.

५० एकक वेळ चालवलं, सगळे वेग उलटे केले, पुन्हा ५० चालवलं. उष्णता गुमान डावीकडे परत! आलेख उलटा फिरताना बघून अंगावर काटा आला. मग २००० एकक चालवून तसंच केलं. काहीच घडलं नाही. सपाट ती सपाटच.

न्यूटन तोच, कोड तोच. आकडे साठवताना सोळाव्या स्थानावर जी काटछाट होते, तेवढ्याने परतीची वाट पुसली गेली. साध्या स्प्रिंगांच्या साखळीवर हाच प्रयोग केला तर २००० नंतरही ती इमानदारीत परत येते.

---

त्रिज्या (सोमवार, सकाळी ८:१०)

सुंदर! साध्या साखळीत चूक जवळपास जितकी आहे तितकीच राहते, खुंटीवालीत ती घातांकाने फुगते. हेच 'विसरणं'. प्रयोगशाळेतही वेग उलटवण्याच्या जवळचा प्रकार झालाय. हानने १९५० मध्ये अणुकेंद्रांच्या विस्कटलेल्या फिरक्या (स्पिन) रेडिओ स्पंदाने उलटवल्या आणि विरून गेलेला संकेत परत मिळवला. तो परत आला म्हणजे माहिती हरवलीच नव्हती, नुसती पांगली होती.

अवांतर: न विसरणारं खरंखुरं उदाहरण हवं असेल तर २००६ चा रुबिडियमच्या अणूंचा प्रयोग शोधा. एका रेषेत कोंडलेले अणू, हजारो टकरा, तरी समतोलाचा पत्ता नाही.

आणि खुंटीचं काय झालं ते सांगितलंच नाहीत.

---

साखळीवाला (सोमवार, रात्री ९:५०)

अरे हो! खुंट्या मारल्या. २०० ला जेवढा प्रवाह त्याच्या निम्मा ४०० ला, त्याच्या निम्मा ८०० ला. वाहकता जागेवर. फूरिए सापडला. रेषा पूर्ण सरळ नाही, गरम बाजूला उतार जरा जास्त आहे.

---

त्रिज्या (सोमवार, रात्री १०:२०)

बरोबर. या साखळीची वाहकता तापमान वाढलं की घटते. प्रवाह सगळीकडे तेवढाच असल्यामुळे जिथे वाहकता कमी तिथे उतार जास्त लागतो. फूरिए तिथल्या तिथे लागू आहेच.

---

पाणबुडी (सोमवार, रात्री १०:४५)

मग आता सिद्ध झालं ना? न्यूटनपासून फूरिएपर्यंत?

---

अवगाढ (मंगळवार, सकाळी ६:५०)

संगणकावर दिसलं. सिद्ध झालं नाही. १९८२ मध्ये किप्निस, मार्किओरो आणि प्रेसुती यांनी फूरिएचा नियम एका साखळीसाठी काटेकोर सिद्ध केला, पण त्यांच्या साखळीत शेजारी आपली ऊर्जा एकत्र करून फासे टाकल्यासारखी वाटून घेतात. विसरणं हाताने घातलेलं आहे. फासे न टाकता, निव्वळ न्यूटनच्या नियमांवर चालणाऱ्या स्फटिकासाठी पूर्ण सिद्धता अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. फूरिएने पहिला निबंध १८०७ मध्ये दिला होता. तेव्हा परीक्षकांपैकी गणितज्ञ लाग्रांजला त्यातल्या त्रिकोणमितीय श्रेणी पचल्या नाहीत आणि पुस्तक यायला १८२२ उजाडलं. त्याचं समीकरण अभियंते तेव्हापासून बिनघोर वापरतायत.

---

साखळीवाला (मंगळवार, रात्री ११:०५)

हिऱ्याची गोष्ट वाचून पुढचा बेत सुचलाय. खुंट्या काढायच्या, स्प्रिंगा परत साध्या करायच्या, फक्त गोळ्यांची वजनं यादृच्छिक ठेवायची. काही हलके, काही जड. अडथळे आले की फूरिए येईल असा अंदाज आहे.

---

त्रिज्या (मंगळवार, रात्री ११:३०)

नाही येणार. :) पुष्कळशा लाटा एकेका जागी अडकून पडतील, फक्त सर्वात लांब लाटा पलीकडे पोचतील. आणि खरी गंमत म्हणजे लांबीबरोबर वाहकता वाढते की घटते, हे साखळीची टोकं भिंतीला बांधलीत की मोकळी सोडलीत यावर ठरतं! दोन्ही करून बघा, ४०० च्या खाली जाऊ नका.

---

साखळीवाला (मंगळवार, रात्री ११:५८)

दोन्ही लावलेत, ८०० गोळ्यांचे. पंखा घरघरतोय, सकाळी आलेख टाकतो.